चावी परत तीनवर

जानेवारीतल्या एका सकाळी रापबाईंच्या स्वयंपाकघरात कोट अंगावर ठेवूनच बसायची पाळी आली, तेव्हा रिके आयझेलेला कळून चुकलं की आपल्या चावीचं काही खरं नाही. कोट काढ, असा आग्रह रापबाईंनी केलाही नाही. त्या स्वतः दोन स्वेटरांवर आपल्या दिवंगत नवऱ्याचं शिकारीचं जाकीट चढवून टेबलाशी बसल्या होत्या. आता स्वयंपाकघर गारठलं होतं हे खरं, पण इतकंही नव्हतं. जाकीट खास रिकेसाठी घातलेलं होतं.

चावी म्हणजे रेडिएटरच्या कडेला असते ती. उजवीकडे फिरवली की गरम पाणी कमी, डावीकडे फिरवली की जास्त. होहेनलाउटर गावच्या कारखान्यात या चाव्या तीन पिढ्यांपासून बनत आल्या आहेत. पितळेचं पोट, वर पांढरं डोकं, डोक्यावर शून्य ते पाच आकडे. दक्षिण जर्मनीतल्या या आल्बच्या पठारावर असं घर सापडायचं नाही जिथे हिवाळ्यात कुणी कुणाला 'तीनवर ठेव गं' म्हणत नाही. रिके याच गावात जन्मली, त्याच कारखान्यात डिझाइनच्या खोलीत केस पिकेपर्यंत राबली, आणि गेले दोन हिवाळे तिने एकाच गोष्टीच्या मागे घालवले होते. चावीला अक्कल द्यायची. पोटात बारकी मोटर, हवा ओळखणारं नाक, डोक्यावर आकड्यांऐवजी चकाकती काच आणि काचेवर अंश. खिडकी उघडली तर आपण होऊन बंद व्हावी, लावली की आपण होऊन सुरू व्हावी. कारखान्यात या चावीला सगळे 'शहाणी' म्हणत. गावाने पंधरा दिवसांत त्याच्या आधी 'अति' जोडलं.

नोव्हेंबरात बारा घरांत ही शहाणी बसवली होती, आणि नाताळच्या आत बाराही घरांची एकच तक्रार आली. घर थंड पडतं. सकाळी एकदा गार झालं की दुपारपर्यंत तापायचं नाव नाही. तुम्ही चावीला हात लावलात का, असं विचारलं तर बाराही घरं शपथ घेऊन सांगत की मुळीच नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं हात लावू नका, म्हणून नाही लावला. इथली माणसं लिहिलेलं पाळतात. पाळून मग तक्रार करतात, पण पाळतात.

इकडे टिलमानच्या संगणकाच्या पडद्यावर सगळं आलबेल होतं. टिलमान चावीच्या डोक्यातला प्रोग्राम लिहायचा, मूळचा उत्तरेकडचा, पार कीलच्या समुद्रकाठचा. चावी सांगितलेलं तंतोतंत करते आहे, असं तो महिनाभर सांगत होता. त्याचं खरं होतं, घरंही थंडच होती.

आणि कारखान्याचे मालक एगॉन हेगेले यांच्या टेबलावर दुसरीच एक चावी येऊन बसली होती. परदेशातून तयार आलेली, गुळगुळीत, बरी होती, हे रिकेसुद्धा नाकारत नव्हती. हेगेलेंचा हिशेब सरळ होता. ती विकत घ्यायची, तिच्यावर आपलं नाव छापायचं आणि खोक्यात भरून पाठवायची. मग डिझाइनच्या खोलीतली चार टेबलं कशाला हवीत, आणि पितळ कातणारे लेथ तरी कशाला हवेत. लेथवर कापड टाकायचं. उरलेल्या लोकांनी खोकी भरायची. रिकेला खोलीतून उठावं लागेल याचं दुःख होतंच, पण आपल्या गावाने दुसऱ्याची चावी खोक्यात भरायची, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं. हेगेले म्हणाले होते, "वाल्ट्राउट राप काय म्हणते तेवढं मला सांगा, आयझेलेबाई. बाकीचे आलेख तुमच्याकडेच राहू द्यात."

कारण रापबाई म्हणजे रापबाई. बायकांच्या व्यायाम मंडळाच्या प्रमुख, चर्चच्या गायनात सगळ्यांच्या वर आवाज, आणि हेगेलेंच्या शाळेतल्या वर्गमैत्रीण. सकाळी पाववाल्याकडे त्या जे बोलतील ते दुपारपर्यंत वेशीबाहेर पोचलेलं असे. त्यांनी कुणाचं कधी कौतुक केल्याचं गावाच्या ऐकिवात नव्हतं. तसं इथे कुणीच करत नाही. शिव्या घातल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं समजायचं, असं इथल्या आया पोरांना सांगतात, आणि पोरं त्यावरच मोठी होतात.

तर त्या सकाळी रापबाईंनी शिव्या घालायला काही कमी केलं नाही. चावी थंड आहे, आळशी आहे, मध्येच भिंतीत उंदीर असल्यासारखी किरकिर करते, आणि तिच्या काचेवर ते अंश दिसतात ते कुणासाठी आहेत म्हणे. "उभ्या जन्मात मी कुणाला अंश विचारलेत? तीन म्हणजे तीन. रिके, तुला कोलांटी उडी मी शिकवली. तेव्हाही तू आधी पाय उचलायचीस आणि मग विचार करायचीस."

रिकेबरोबर आलेल्या टिलमानने खाली बघून ब्रेत्सेल पावाला लोणी लावलं. रिकेने एकेक तक्रार वहीत टिपून घेतली. समोरच्या बाई खोटं बोलणाऱ्या नव्हेत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

कॉफीच्या वाफेने खिडकीच्या काचा धुरकटल्या. रापबाई म्हणाल्या की हवा बदलायची वेळ झाली, आणि टेबलावर हात टेकवून उठू लागल्या. हे काम इथे सकाळच्या दात घासण्याइतकं नेमाचं असतं. सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, बर्फाची हवा आत येऊ द्यायची, पाच मिनिटं कुडकुडायचं आणि खिडक्या लावून टाकायच्या. वडीलधाऱ्या बाईंना कशाला उठवायचं म्हणून रिके म्हणाली, बसा तुम्ही, मी करते. ती खिडकीशी गेली, खिडकी उघडली, आणि पठारावरची कोरडी थंडी आत शिरली.

मागून टिलमान म्हणाला, "ते कशाला केलंस?"

"हवा बदलायला."

"ते नाही. चावी शून्यावर कशाला फिरवलीस? ती खिडकी उघडल्यावर आपण होऊन बंद होते. तूच तर बनवलीस."

"मी कुठे फिरवली?" असं म्हणत रिकेने खाली पाहिलं. तिचा डावा हात खिडकीच्या कडीवर होता आणि उजवा चावीवर. काचेवर अंशांच्या जागी शून्य दिसत होतं. आपला हात तिथे कधी गेला हे तिला सांगता आलं नसतं. खिडकी उघडायच्या आधी गेला होता एवढंच नक्की, कारण तो नेहमी आधीच जातो.

ती तशीच उभी राहिली. रापबाई ओरडल्या की पाच मिनिटं झाली, लाव आता. रिकेने खिडकी लावली आणि उजवा हात पाठीमागे धरून ठेवला, तो पुन्हा काही करू नये म्हणून. तिघंही चावीकडे बघत राहिले. काचेवर शून्य होतं आणि शून्यच राहिलं. का राहू नये? हाताने सांगितलं शून्य, चावी शून्यावर गेली. पुढचं सांगायला हात काही परत आला नाही, कारण पुस्तिकेत लिहिलं होतं, हात लावू नका, शहाणी आपण होऊन सगळं करते. बाई चावीची वाट बघत बसल्या होत्या आणि चावी बाईंची. दुपारी ठरल्या वेळी चावी पुन्हा सुरू होईपर्यंत घर गारच, आणि बारा घरांत नोव्हेंबरपासून हेच चाललं होतं.

"रापबाई," रिके सावकाश म्हणाली, "बाहेरच्या खोलीतली खिडकी पण उघडता का जरा? तिथली हवा पण बदलू या."

रापबाई कुरकुरत गेल्या. रिके आणि टिलमान दारात उभे राहिले. रापबाईंचा उजवा हात वाकला, चावी गर्रकन शून्यावर गेली, आणि मग डावा हात खिडकीला लागला. रिकेने हळूच त्यांच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. शेजाऱ्याचं मांजर दुधाच्या भांड्यात तोंड घालताना सापडावं तसं रापबाईंनी आपल्याच हाताकडे पाहिलं.

"मी हात लावत नाही," त्या म्हणाल्या, पण आवाज जरा खाली आला होता.

खोटं त्या बोलल्याच नव्हत्या. आपण श्वास घेतला हे कुणी येऊन सांगतं का? खिडकी उघडायच्या आधी चावी शून्यावर न्यायची हे त्यांना आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. उघड्या खिडकीखाली रेडिएटर चालू ठेवणं म्हणजे गल्ली तापवणं, आणि गल्ली तापवणाऱ्या घरात पोरगी देऊ नये असं इथे अर्धं थट्टेत, अर्धं खरं म्हणतात. टिलमानला हे नवीन होतं. तो म्हणाला, आमच्याकडे नुसती खिडकी उघडतात.

"म्हणून तुम्ही समुद्र तापवता," रापबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज परत जागेवर आला होता.

परतताना गाडीत टिलमान खुशीत होता. त्याच्या दृष्टीने कोडं सुटलं होतं. पुस्तिकेत एक ओळ वाढवायची, जाड अक्षरांत, की खिडकी उघडण्यापूर्वी चावी शून्यावर नेऊ नये. रिकेने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. एरवी ती शांत बाई, पण आता तिचा चेहरा तांबडा झाला होता.

"तीन पिढ्यांचा हात तू एका ओळीने बदलणार? हात चुकत नाहीये, टिलमान. तो बिचारा काटकसरच करतोय. चावीला तो हात कळला पाहिजे. हात बदलायचा नाही, चावी बदलायची."

टिलमान म्हणाला की शून्य आणि शून्य यांत फरक कसा करायचा. माणूस खरंच बंद करायला निघालाय की नुसता खिडकी उघडायला, हे चावीने ओळखायचं कसं. प्रश्न विचारताना त्याचे डोळे चमकायला लागले होते, आणि ते पाहून रिकेला त्याला माफ करणं सोपं गेलं.

हेगेलेंनी मुदत दिली ती फास्नेटच्या, म्हणजे मुखवट्यांच्या सणापर्यंत. परदेशी चावीच्या करारावर सण संपून उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी सही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याच्या आधीच्या गुरुवारी ते स्वतः वाल्ट्राउटकडे जाऊन बघणार होते. त्या दिवसाला इथे तेलकट गुरुवार म्हणतात, घरोघरी कढई चढलेली असते. नंतर सगळ्या घरांतल्या चाचणीच्या चाव्या काढून आणायच्या, मग करार होवो न होवो. "चूक माणसांची नाही म्हणता, चावीचीही नाही म्हणता," ते म्हणाले, "मग बघू तुम्ही काय दुरुस्त करता ते."

पुढचे आठवडे डिझाइनच्या खोलीत भांडणांचे गेले, आणि रिकेला आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती. आकलनाचा भाग टिलमानने पटकन जमवला. हाताने शून्य केलं आणि पाठोपाठ हवा झपकन गार झाली, तर ती खिडकी समजायची. हवा गार होत जायची थांबली, तापायला लागली, की खिडकी लागली, मग आधी जिथे होतो तिथे परत जायचं. शून्य केलं आणि हवा गार झालीच नाही, तर माणूस खरोखर बंद म्हणतोय, गप्प पडून राहायचं. पण रिकेला तेवढ्याने समाधान नव्हतं. तिने काच काढून फेकली. डोक्यावर पुन्हा शून्य ते पाच आकडे आणले, तीनपाशी बोटाला लागेल असा खाचेचा ठोका ठेवला. आणि वर हट्ट धरला की चावी परत येताना ती वरची आकड्यांची गोल कडी खरोखर फिरली पाहिजे, माणसाला डोळ्यांनी दिसली पाहिजे.

टिलमान म्हणाला, सेल लवकर संपतील. आत परत आली म्हणजे झालं, बाहेर नाच कशाला? रिके म्हणाली, तू विश्वास ठेवतोस तुझ्या पडद्यावर, रापबाई ठेवतात डोळ्यांवर. ज्या हाताने शून्य केलं त्याला दिसायला हवं की कुणीतरी ते परत तीनवर आणलं. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टिलमानच लेथच्या दालनात गेला. प्लॅस्टिकचं दातेरी चाक जड चालायचं, किरकिरायचं, सेल खायचं, रापबाईंच्या भिंतीतला उंदीर तोच होता. त्याच्या जागी पितळेचं बारीक चाक कातून बसवलं, आणि कडी अशी मऊ फिरायला लागली की कान देऊन ऐकावं तेव्हा हलकी घुर्र ऐकू यायची. सेलचा प्रश्नही त्यातच सुटला. टिलमानने चाक रिकेच्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता निघून गेला. तो हळूहळू इथला होत चालला होता.

बाराही घरांत नवी चावी बसली, आणि तेलकट गुरुवार उजाडला. बाहेर गल्लीत लाकडी मुखवटे घातलेली मंडळी घंटा वाजवत फिरत होती. रापबाईंच्या स्वयंपाकघरात क्युखले नावाचे गोड वडे तळले जात होते, फुगून वर यायचे आणि साखरेत लोळून ताटात पडायचे. हेगेले टाय लावून आले होते. त्या दिवशी इथल्या बायका दिसेल त्या पुरुषाचा टाय कात्रीने कापतात हे ठाऊक असून आले, कारण कामाच्या दिवशी टाय नाही हे त्यांना मान्यच नव्हतं. रापबाईंनी दारातच त्यांचा टाय अर्ध्यावर उडवला आणि मग बसायला सांगितलं. त्यामुळे चावीचं भवितव्य ठरवायला बसलेल्या गृहस्थाच्या गळ्यात चार बोटांचं शेपूट लोंबत होतं. रिकेला एरवी हसू आवरलं नसतं. आज ती नुसती चावीकडे बघत होती.

तळणीचा धूर डोळ्यांना झोंबायला लागला. रापबाईंनी झारा खाली ठेवला आणि खिडकीशी गेल्या. सगळ्यांनी पाहिलं, उजवा हात आधी गेला. चावी शून्यावर, खिडकी सताड उघडी. थंडी आत आली, धूर बाहेर गेला, हेगेलेंनी कॉलर वर केली. मग रापबाईंनी खिडकी लावली, हात एप्रनला पुसले आणि कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या.

काहीच झालं नाही.

चावी शून्यावर होती. टिलमान पुढे वाकून बघत होता. अजून थोडा वेळ गेला, तरी चावी शून्यावरच. हेगेलेंनी घड्याळाकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग मुद्दाम भिंतीकडे. ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटत होतं, आणि रिकेला त्यांचा राग परवडला असता. टिलमानचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. तो पुटपुटला की काल इथेच दहा वेळा आली होती परत, मी स्वतः पाहिली होती. रिकेच्या मनात लेथवर टाकलेली कापडं दिसायला लागली. मग तिला खोकी दिसली, एकावर एक रचलेली.

आणि तिचे पाय गार पडले. भीतीने पडले असं तिला आधी वाटलं. पण भीतीने दोन्ही पाय गार पडतात, हिचा एकच पडला होता, डावा, घोट्यापाशी. तिने खाली पाहिलं, मग डावीकडे. तिकडे कोठीच्या खोलीचं दार होतं, आणि दार बोटभर उघडं होतं.

"रापबाई," ती म्हणाली, "कोठीची खिडकी उघडी आहे का हो?"

"माझ्या घरात," रापबाई एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "खिडकी उघडी राहत नाही."

तरी त्या गेल्या. आत बरण्या हलल्याचा आवाज झाला. मग खिडकीची कडी लागल्याचा खट्ट आवाज आला. रापबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा कढईजवळ उभं राहून झाला असता त्याहून जास्त लाल होता. पहाटे पीठ मळताना त्यांनी ती उघडली होती आणि तशीच राहिली होती. सकाळपासून रापबाईंच्या घराने गल्ली तापवली होती. हे घरात कुणालाच कळलं नव्हतं, फक्त चावीला कळलं होतं. हवा अजून गार होते आहे, म्हणजे कुठेतरी खिडकी उघडी आहे, म्हणजे परत जायचं नाही. ती हटून बसली होती आणि तिचंच खरं होतं.

कढईतलं तेल शांत झालं होतं. आणि मग खिडकीखाली अगदी हलकी घुर्र झाली. पांढरी कडी हलली, एक ओलांडला, दोन ओलांडला, आणि तीनपाशी येऊन टक् करून थांबली. कुणाचाही हात लागला नव्हता. रेडिएटरच्या पोटात पाणी गुळगुळलं.

रिकेला वाटलं आपण आता रडणार. तिने क्युखलेचा मोठा घास घेतला आणि रडू त्याबरोबर गिळलं.

हेगेले रापबाईंकडे वळले. "मग, वाल्ट्राउट? तू काय म्हणतेस?"

रापबाईंनी चावीकडे पाहिलं. नाव ठेवायला कुठे जागा सापडते का, हे त्यांनी वरून खालून पाहिलं. कोठीच्या दाराकडेही एकदा पाहिलं. मग झारा उचलला.

"बोलण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या.

टिलमानचे खांदे पडले. तो बिचारा गपचूप उठला, त्याने पिशवीतून पाना काढला, खोकं पायाशी ओढलं आणि चावी काढून न्यायला रेडिएटरपाशी गुडघ्यावर बसला. त्याला रिकेचा चेहरा दिसला नाही. हेगेलेंनी हातातला क्युखले ताटात परत ठेवला होता आणि ते वर्गमैत्रिणीकडे असे बघत होते, की जणू शाळा सुटल्यापासून आज पहिल्यांदाच तिची ओळख पटली. टिलमानने पाना चावीला लावला तेवढ्यात झारा त्याच्या हातावर बसला. फार जोरात नाही, पण साखरेसकट.

"हात लावायचा नाही तिला," रापबाई म्हणाल्या. "घरात जुन्या चावीचे अजून सहा रेडिएटर आहेत. त्यांचं काय करताय ते सांग, आणि मगच उठ इथून."

टिलमान गुडघ्यावरच राहिला. त्याने रिकेकडे पाहिलं. "पण त्या तर म्हणाल्या की काही नाही..."

"अरे वेड्या," रिके म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "याच्याहून मोठं आमच्याकडे काहीच नसतं."

हेगेले तिथून सरळ कारखान्यात गेले, अर्ध्या टायसकट. जाताना एवढंच म्हणाले की ठरल्याप्रमाणे बाकीच्या चाव्या काढून आणा. शब्दाला पक्का माणूस. रिके आणि टिलमान खोकं घेऊन घरोघर फिरले. बातमी मात्र त्यांच्या पुढे पळत होती, कारण रापबाईंच्या खिडकीबाहेर पाववाल्याची बायको उभी राहून सगळं बघत होती. पहिल्या घरात दार उघडून सांगण्यात आलं की चावी सापडत नाहीये. रेडिएटरला बसवलेली चावी कशी हरवते हे रिकेने विचारलं नाही. पुढच्या घरात म्हाताऱ्या आजोबांनी रेडिएटरसमोर खुर्ची टाकली होती आणि ते तिथून उठायला तयार नव्हते, कारण सकाळी ती कडी फिरताना बघायला त्यांना आवडतं, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. एका बाईंनी क्युखले दिले, कॉफी दिली, मुखवटा घालून दाखवला, सगळं दिलं, चावी दिली नाही. कौतुकाचा शब्द मात्र कुणाच्या तोंडून आला नाही. प्रत्येक दार बंद होताना रिकेचं हसू वाढत होतं. शेवटी ती भर रस्त्यात मुखवट्यांच्या गर्दीत उभी राहून मोठ्याने हसायला लागली, आणि घंटावाल्यांनी तिच्याभोवती फेर धरला.

संध्याकाळी दोघं हेगेलेंच्या खोलीत गेले. परदेशी चावी टेबलावर होती, तिच्याखाली करार. रिकेने खोकं समोर ठेवलं. हेगेलेंनी चष्मा लावून आत पाहिलं. तळाशी एक पाना होता आणि थोडी साखर.

त्यांनी करार उचलला, दुमडला आणि त्या रिकाम्या खोक्यात टाकला. त्यावर परदेशी चावी ठेवली, आणि खोकं पायाने टेबलाखाली सरकवलं.

"आयझेलेबाई," ते म्हणाले, "उद्या सकाळी लेथवाल्यांना लवकर बोलवा." मग टायचं शेपूट सरळ करत, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोलण्यासारखं काही नाही."

या वेळी टिलमानला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. रिकेच्या आधी त्यानेच टोपी छताकडे उडवली.